कोपऱ्यांना फोम

आमच्या घरात टेबलाला कोपरा नव्हता. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. त्यावर दोन बोटं जाडीचा फोम होता, वर तपकिरी रेक्झिन आणि कडेने बारीक पायपिंग, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली किनार. पायपिंग मी घातलं होतं. नुसत्या पिना मारून सोडलेलं काम मला बघवत नाही, मग ते घरातलं का असेना. टेबलासारखाच फोम कपाटाला, पलंगाच्या कडेला, दारांच्या चौकटींना, स्वयंपाकाच्या ओट्याला. फ्रीजच्या दांडीलासुद्धा दादाने खोळ शिवायला सांगितली तेव्हा मी म्हटलं, "आता तेवढं तुझं डोकं राहिलंय, माप दे." दादा हसला नाही. त्या दिवसांत तो कशालाच हसत नव्हता.

आमचं कुशनचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. सोफे, ऑफिसच्या खुर्च्या, दवाखान्यातले बाक, माणूस बुडाखाली जे जे घेतो ते फाटलं की आमच्याकडे येतं. दादा सांगाडा, स्प्रिंगा आणि फोम बघतो, कापणं आणि शिवणं माझ्याकडे. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. आणि आम्हा तिघांच्या मध्ये दादाची एकुलती एक लेक. यंदा बारावं लागलं. तिला आम्ही वकील म्हणतो. बोलायला लागल्यापासून तिने एकही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य केलेली नाही. "झोप आता" म्हटलं की "का?" "उशीर झाला म्हणून." "कशाला उशीर झाला? झोपायला तर उशीर होतच नाही, कधीही झोपता येतं." असल्या पोरीपुढे वहिनीने कधीच हात टेकले होते. मला मात्र तिच्याशी भांडायला मजा यायची. दिवसभर मशीनवर मान मोडून बसणाऱ्या बाईला तेवढीच करमणूक.

तिला पहिली फिट वर्गात आली. फळ्यासमोर उभी राहून गणित सोडवत होती. आधी हातातला खडू पडला, पाठोपाठ ती. कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर आपटलं. कपडे ओले झाले. सगळ्या वर्गाने पाहिलं. दादा धावत शाळेत पोचला तेव्हा तिला उचलून नेलं होतं, पण बाकाच्या कोपऱ्यावरचं रक्त कुणी पुसलेलं नव्हतं. त्या दिवसापासून दादाच्या लेखी जगात एकच शत्रू उरला, कोपरा.

मग तपासण्या झाल्या, डॉक्टरबाईंनी अपस्मार आहे म्हणून सांगितलं, एक औषध झालं, दुसरं झालं. फिट यायच्या त्या यायच्याच. दादाला औषधातलं काही कळत नव्हतं, फोममधलं कळत होतं. माणूस घाबरला की आपल्याला जे येतं ते करत सुटतो. सुतार असता तर त्याने कठडे ठोकले असते. हा कुशनवाला, याने घराचाच सोफा करून टाकला. सुरुवातीला वकील त्याची थट्टा करायची. "बाबा, छत राहिलं. मी वरच्या बाजूला पडले तर?"

तिसरं औषध लागू पडलं. फिट थांबल्या. पहिले काही आठवडे आम्ही कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नाही, नजर लागेल म्हणून. मग महिने गेले. दादाचे खांदे खाली आले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आपण होऊन सांगायला लागला, "आमची मुलगी आता एकदम बरी आहे." माणूस आपल्या खुर्चीचं विचारायला आलेला, तो बिचारा "वा, वा" म्हणायचा.

आणि बरी झालेली पोरगी एकदम गुणी झाली. बोलावलं की येते, वाढलं की खाते, झोप म्हटलं की झोपते. वहिनी आपल्या दुकानातल्या बायकांना कौतुकाने सांगायची, "आता अज्जिबात हट्ट नाही हो." मला ते काही पटेना. मी एकदा म्हटलंही, "वहिनी, ही भांडत का नाही?" वहिनी म्हणाली, "आत्याबाई, कधी नव्हे ते घरात शांतता आहे, ती पण बघवत नाही का?" नणंद म्हणजे काड्या घालणारच, असा त्यातला अर्थ.  पण माझं लक्ष होतं.

शाळेतून आली की ती खाली दुकानात येऊन बसायची. जुन्या खुर्चीचं कापड काढण्याआधी त्यातल्या सगळ्या पिना चिमट्याने उपटाव्या लागतात, ते काम तिला पहिल्यापासून आवडायचं. पूर्वी पिना कमी आणि प्रश्न जास्त उपटायची. या खुर्चीवर कोण बसत असेल, एवढा फोम एकाच बाजूला का दबला, तो माणूस वाकडा बसतो की वाकडाच आहे. आता मात्र खाली मान घालून एकामागून एक पिन काढत बसायची. नखं इतकी खाल्लेली की चिमटा नीट धरता येत नव्हता. मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलं तर गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. डोकं तर तिचं रोजच दुखायला लागलं होतं.

एका दुपारी दादा माल पोचवायला गेला होता. सलूनवाला त्याची जुनी खुर्ची घेऊन आला. बैठक फाटलेली, हात लोंबकळत असलेले. "ताई, हिच्यात काही राम आहे का, की देऊ टाकून?" मी खुर्ची आडवी पाडून खालून बघितली. सांगाडा भक्कम होता. "ठेवून जा," मी म्हटलं, "सांगाडा चांगला आहे. वरचं सगळं नवं होईल." तो गेला. मी मशीनवर परत बसले.

"आत्या," वकील म्हणाली, "आणि सांगाडाच खराब असेल तर?"

मी दातात दोरा धरला होता. तसंच म्हटलं, "तर मग कशाला हात लावायचा? टाकून द्यायची."

"हं," ती म्हणाली आणि पुढची पिन काढायला लागली.

नुसतं हं. एवढ्या मोठ्या विधानाला हिने नुसतं हं म्हटलं. पूर्वीची वकील असती तर सांगाडा खराब म्हणजे किती खराब, कोण ठरवणार, जोड देता येत नाही का, यावर दुपार गेली असती. आणि तिने मान अशी डोलावली जणू एखादी शंका होती ती फिटली. माझा पाय मशीनवरून निघाला. मी दोरा तोडला आणि तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले. माझ्या गुडघ्यांना ते परवडत नाही, पण बसले.

"तू खुर्चीबद्दलच विचारलंस ना?"

ती पिना काढत राहिली.

"वकील. मी विचारतेय काहीतरी."

"मला कधी कधी वाटतं, मी नसते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. दूध संपलंय म्हणून सांगावं तसं म्हणाली.

 पहिल्यांदा तोंडात आलं ते "काहीतरीच काय बोलतेस." आपल्या सगळ्यांच्या तोंडात तेच येतं. ते मी कसं गिळलं माझं मला माहीत. मी सरळ विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?"

तिने चिमटा खाली ठेवला आणि विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, उत्तर बरोबर यावं म्हणून करतात तसा. "नाही. करायचं काही नाहीये. नुसतं नसायचंय."

"कधीपासून असं वाटतं?"

"आधी थोडं थोडं. फिट बंद झाल्यापासून जास्त."

मग एकेक बाहेर यायला लागलं. तिला रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी पोचलं की छातीत धडधडतं. फिट येणार असं वाटतं, येत नाही, मग पुढच्या तासाला परत वाटतं. शाळेत ती पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि बाथरूमला एकटीने जायचं नाही असा बाईंचा नियम आहे. बाईंनी चांगल्या मनानेच केला होता. रोज एका मुलीने हिच्यासोबत राहायचं. जिन्यावर, नळावर, मधल्या सुट्टीत.

"त्या आपापसात अदलाबदल करतात," ती म्हणाली. "परवा एक दुसरीला म्हणत होती, तू आज हिला सांभाळ, मी तुझ्या वाटचा वर्ग झाडते. मी शेजारीच होते."

"कोण ती कार्टी?"

"आत्या, तिचा काय दोष? मला मी सांभाळायला दिली असती तर मी पण झाडणंच घेतलं असतं."

 मी तिच्या पायावर हात ठेवला. तिने काढला नाही.

"आणि घरी कुठेही हात टेकला की मऊ लागतं. मऊ लागलं की आठवतं. जरा वेळ विसरले असेन तर ते पण आठवतं."

"हे आईबाबांना का नाही सांगितलंस?"

"बाबांना सांगितलं तर ते काय करतील? अजून फोम लावतील."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बघून तीही क्षणभर हसली. मग म्हणाली, "ते एवढे खूश आहेत, आत्या. येईल त्याला सांगतात. मी बरी झालेय ना आता. मग परत आजारी कशी पडू?"

मी पदराने नाक पुसलं. "हे बघ, हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही. आज सांगणार आहे दोघांना."

तिचा चेहरा बदलला. "मी तुला विश्वासाने सांगितलं."

"हो. म्हणूनच."

"म्हणूनच कसं? विश्वासाने म्हणजे कुणाला सांगायचं नाही!"

"बाकी काहीही असतं तर नसतं सांगितलं. हे सांगणार."

"हा अन्याय आहे. तू मला आधी सांगायला हवं होतंस की तू सांगणार आहेस. मग मी बोललेच नसते!"

"माहितीये. म्हणूनच नाही सांगितलं."

ती पाय आपटत वर गेली, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वेगळा आवाज काढत. मला मेलीला त्याही स्थितीत बरं वाटलं. किती दिवसांनी पोरगी माझ्यावर ओरडली होती.

संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि मी दोघांना खालीच थांबवलं. सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत, काही मऊ न करता. दादा आधी ऐकूनच घेईना. "तिला काय कमी आहे इथे? बारा वर्षांच्या पोरीला कसलं आलंय दुःख? सिनेमात बघितलं असेल काहीतरी." मग म्हणाला, "फिट तर येत नाही ना?" मग पुन्हा तेच, "फिट तर येत नाही." हातात स्टेपल गन होती, ती तो नुसता दाबत होता. रिकामी होती म्हणून बरं.

वहिनी मशीनजवळच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "बाटली."

"काय?"

"तिची पाण्याची बाटली. भरलेलीच परत येते रोज. मला वाटायचं, विसरते. मी रोज ते पाणी ओतून टाकते, आत्याबाई, आणि सकाळी परत भरून देते." आणि ती रडायला लागली. दादाने गन खाली ठेवली. त्यानंतर त्याने सिनेमाचं नाव काढलं नाही.

वहिनी वर गेली आणि लेकीच्या शेजारी पलंगावर बसून राहिली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सकाळी उठून तिनेच दवाखान्यात फोन केला आणि पुढची तारीख अलीकडे घेतली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही चौघंही गेलो. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, फिट किती आल्या? दादाने नेहमीचं उत्तर दिलं, "एकही नाही, डॉक्टर." छाती पुढे काढून सांगितलं, सवयच ती. बाईंनी नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला, बाकी काही? या प्रश्नाला वहिनी दर वेळी नाही म्हणायची. या वेळी ती म्हणाली, "आहे." पण पुढचं तिच्याने सांगवेना. मी सांगितलं.

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "मी जरा तिच्याशी एकटीने बोलते."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. बाकाचं रेक्झिन फाटलं होतं. दादाने सवयीने भोकात बोट घालून आतला फोम चाचपला, मग एकदम बोट बाहेर काढलं आणि हाताची घडी घालून बसला. आत बराच वेळ गेला. एकदा दारातून आमच्या वकिलाचा आवाज आला, चढलेला, काहीतरी ठासून सांगत असलेला. दादा उठायला लागला. वहिनीने त्याचा शर्ट धरून खाली बसवलं.

मग आम्हाला आत बोलावलं. बाई सांगत होत्या ते मी नीट ऐकलं, कारण दादाला ते ऐकू येत नसणार हे मला त्याच्या तोंडावरून दिसत होतं. म्हणाल्या, अपस्माराच्या मुलांमध्ये हे पुष्कळदा दिसतं, भीती, उदासी, नकोसं वाटणं. कधी मेंदूतल्या त्याच गडबडीमुळे, कधी लोक कसे वागतात त्यामुळे, आणि कधी औषधामुळे. हे औषध फिट चांगल्या थांबवतं, पण काही मुलांचं मन खाली ओढतं. हे नाटक नाही आणि लाडही नाहीत. समुपदेशकाकडे पाठवते, त्यांच्याकडे नेमाने जायचं. तिला काही करून घ्यावंसं वाटलं तर त्याच घटकेला मला फोन करायचा, तारखेची वाट बघायची नाही. "आणि औषध बदलावं असं माझं मत आहे," त्या म्हणाल्या. "एकदम नाही. हळूहळू एक कमी करत दुसरं वाढवायचं. आपल्या मनाने घरी काही बंद करायचं नाही."

"बदलताना फिट आली तर?" दादाने विचारलं.

"येऊ शकते. येणार नाही असं मी सांगणार नाही."

"मग नको."

"अहो," वहिनी म्हणाली.

"नको म्हणतोय ना! किती महिने झाले, एक फिट नाही. मनाचं आपण बघू. तिच्या मनाला आपण समजावू. फिटला कसं समजावणार?" त्याचा आवाज फाटला. "मी बघितलंय डॉक्टर, ती पडते तेव्हा. तुम्ही नाही बघितलं. मला परत नाही बघायचं ते."

 वकील खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिने बापाकडे बघितलं. वादाचा आवाज नव्हता तिचा. समजावून सांगत होती.

"बाबा, फिट आली की मला काही कळत नाही. मी पडले, मला लागलं, हे सगळं तुम्ही मला नंतर सांगता. बाकीचं सगळं मला कळतं. दिवसभर कळत असतं."

 बारा वर्षांत या पोरीने दादाला हजारदा निरुत्तर केलं असेल, पण त्या प्रत्येक वेळी तो हसला होता. आता तो तिच्याकडे असा बघत होता, जणू स्वतःला सांगत होता, इतके दिवस हिच्या अंगाला लागू नये एवढंच बघत राहिलो, तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं.

"बदला," तो डॉक्टरबाईंना म्हणाला.

पुढचं सगळं छान छान झालं असं मी सांगणार नाही. समुपदेशकांना आमच्या वकिलाने नाव ठेवलं, बोलायचे सर. पहिल्या खेपेला परत येऊन म्हणाली, "ते काहीच बोलत नाहीत, मलाच बोलायला लावतात, मग फी आपण का द्यायची?" म्हटलं, चला, केस उभी राहिली. ते शाळेतही जाऊन बाईंना भेटले. सोबतीचा नियम रद्द झाला. आता तिने स्वतः निवडलेली एक मैत्रीण बाथरूमच्या बाहेर कट्ट्यावर बसते, तेही गप्पा मारायला. पाण्याची बाटली कधी अर्धी येते, कधी रिकामी. वहिनी ती उन्हाकडे धरून बघते, भिंग तपासावं तशी.

फोमचं मात्र भांडण झालं. मला सगळा एका दिवसात उपटून टाकायचा होता. दादाला एकही काढायचा नव्हता. बोलायचे सर म्हणाले, तिला विचारा. मग तिने एकेका कोपऱ्याचा खटला चालवला. टेबलाचा काढला. दारांचे काढले. फ्रीजच्या दांडीची खोळ काढताना ती आणि मी इतक्या हसलो की दादा रुसला. पलंगाच्या कडेचा मात्र तिने ठेवला. "तो कामाचा आहे," म्हणाली. दादाने तेवढ्यावर समाधान मानलं आणि लगेच त्याचं रेक्झिन बदलून नवं घातलं.

वाईट दिवस येतच होते. कधी ती शाळेतून आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पण त्याबद्दल बोलायची ती माझ्याशी, आईशी किंवा सरांशी. बापाशी नाही. त्याला सांगितलं की तो लगेच उठून काहीतरी आणायला जायचा. आइस्क्रीम, रंगाची पेटी, एकदा तर ससा. ससा आम्ही परत केला.

आणि मग जुनं औषध जवळजवळ बंद होत आलेलं असताना फिट आलीच. सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. ती दुकानात कापडाचे तागे लावत होती. एक विचित्र आवाज झाला आणि ती फरशीवर पडली. दुकानात गिऱ्हाईक म्हणून एक माणूस आला होता. तो तिच्या तोंडात रुमाल कोंबायला धावला, त्याला मी असं काही ओरडले की तो ताग्यांमागे जाऊन उभा राहिला. दादाने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. हनुवटी फुटली होती. त्याच्या शर्टावर रक्त होतं. तो रडत होता, पण हात हलू दिला नाही त्याने.

हनुवटीला टाके पडले. डॉक्टरबाईंनी फोनवरून नव्या औषधाचं प्रमाण थोडं वाढवलं आणि घाबरू नका म्हणाल्या. ती दुपारभर झोपली. वहिनी तिच्याजवळ होती. खाली दादा कापायच्या टेबलापाशी फोमची अख्खी शीट उघडून उभा होता. माप घेत नव्हता, कापत नव्हता, नुसता त्यावरून हात फिरवत होता. मी मनात म्हटलं, आता हा परत सगळं घर मऊ करणार आणि पोरगी परत गुणी होणार.

संध्याकाळी ती जिना उतरून आली. हनुवटीवर पट्टी, केस विस्कटलेले. मला वाटलं माझ्याकडे येईल. ती टेबलापाशी गेली.

"बाबा."

"काय गं? दुखतंय?"

"हनुवटी नाही दुखत," ती म्हणाली. "आज परत तसं वाटतंय. नसावंसं."

दादाने फोम सोडला. त्याचे हात लगेच काहीतरी शोधायला लागले, कात्री, पट्टी, खिशातली गाडीची किल्ली. मला वाटलं, निघाला हा आइस्क्रीम आणायला. मग त्याने स्टूल ओढलं, तिच्या समोर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"बस," तो म्हणाला. "मी कुठे जात नाही. सांग."

ती बसली आणि सांगायला लागली. तेवढ्यात सोफ्याचं विचारायला कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. त्याला मी उद्या यायला सांगितलं.